मागितल्याशिवाय नाही

रविवारी सकाळी ओसरीवरून एखादं फळ आत आलं की तारकेश्वरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पेरू असो, केळं असो, उन्हाळ्यात खरबूज असो, त्याचा अर्थ एकच होता. बाहेर कुणीतरी नवा माणूस आला होता. त्यानं तीनदा मागितलं होतं आणि सासऱ्यांनी त्याला ध्यानाची रीत दिली होती. आता त्यानं आणलेलं ते एकुलतं एक फळ कापून ओसरीवरच्या सगळ्यांना वाटायचं, आणि कापायचं काम तारकेश्वरीचं. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांच्या भाग्याच्या फोडी करत आली होती. त्यातली एक फोड घरात ठेवायची पद्धत होती, पण ती तिनं कधी तोंडात घातली नाही. गाईला घातली.

सासऱ्यांचं नाव बिंदेश्वरीप्रसाद. सगळं चुनार त्यांना अमीनसाहेब म्हणे, कारण आयुष्यभर त्यांनी तहसिलीत अमिनाची, म्हणजे जमीन मोजायची नोकरी केली. तरुणपणी रेल्वेच्या एका सांधेवाल्यानं त्यांना ध्यान शिकवलं होतं. त्यानं यांच्याकडून काही घेतलं नाही, म्हणून यांनीही कुणाकडून काही घेतलं नाही. सांधेवाल्यानं बजावून ठेवलं होतं की हे विकायचं नाही, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि मागितल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. ज्याला हवं त्यानं स्वतःच्या तोंडानं तीनदा मागायचं. दुसऱ्याकरवी निरोप चालायचा नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तसलाच हिशेब. अमीनसाहेबांनी चाळीस वर्षं हे सगळं शेताच्या बांधासारखं राखलं. मागणाऱ्याची जात विचारली नाही, धंदा विचारला नाही, आणि कुणी दक्षिणेचं पाकीट काढलं तर त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

आता गंमत बघा. गंमतच म्हणायची, नाहीतर मला संताप येतो. त्याच घराची आणखी एक रीत होती आणि ती सांधेवाल्याच्या रीतीहून कितीतरी जुनी होती. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. तोंडावर घुंगट आणि आवाज बंद. जेवण झालं की तारकेश्वरी दाराची कडी वाजवी. आंगणात यायच्या आधी अमीनसाहेब खाकरत. तिच्या तापाची चौकशी नवऱ्याकरवी व्हायची आणि त्यांच्या पथ्याची मुलाकरवी. एकतीस वर्षं त्या दोघांत एक कडी आणि एक खाकरणं, एवढंच बोलणं झालं. म्हणजे जगातल्या कुणालाही फुकट मिळणारी वस्तू त्या घरात होती, आणि ती मागायला जे तोंड लागतं ते फक्त घरच्या सुनेला नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिला ते हवं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बलियाला, माहेरी, तिची आई वारली. तार आली तेव्हा घरात कुणाचंतरी तिलक, म्हणजे लग्नाआधीचं कार्य, होतं. कार्य उरकल्यावर जा, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ती पोचली तेव्हा चिता थंड झाली होती. परत आल्यापासून तिच्या आत काहीतरी सारखं जळत राहिलं. त्याच आठवड्यात छेदी चौरसिया ओसरीवर आला. छेदी पानवाला तेव्हा दारू प्यायचा, बायकोला मारायचा, सगळ्या गल्लीला ते ऐकू जायचं. त्यानं तीनदा मागितलं. अमीनसाहेब त्याच्या शेजारी चटईवर बसले. समोर नाही, शेजारी, तशीच त्यांची पद्धत. तासाभरानं छेदी उठला तेव्हा त्याचा चेहरा तिनं स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिला. नुकतीच झोप झालेल्या पोरासारखा चेहरा. त्या क्षणी तिला वाटलं, मला हे पाहिजे. आणि लगेच पुढच्या क्षणी वाटलं, याला का? या दारुड्याला मिळतं आणि मला का नाही?

तेव्हापासून ती येणाऱ्या प्रत्येकावर जळत आली. नावाड्यांवर जळली, मातीची खेळणी करणाऱ्या कुंभारांवर जळली, एकदा तर बनारसहून चुकून आलेल्या एका विमा एजंटावरही जळली. तो पॉलिसी विकायला आला आणि ध्यान घेऊन गेला.

स्वयंपाकघर ओसरीला लागून होतं, मध्ये फक्त विटांची जाळी. अमीनसाहेबांचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारून तयार झालेला, त्यामुळे आत शब्दन् शब्द ऐकू येई. "येणाऱ्या श्वासाला ओढू नकोस. जाणाऱ्याला ढकलू नकोस. आपल्या घराच्या दारात बसल्यासारखा बस. कोण आलं, कोण गेलं, एवढंच बघ." तिला सगळं पाठ होतं. दुपारी घर निजलं की धान्याच्या कोठ्यांमागे भिंतीला पाठ टेकून ती करूनही बघे. काही होत नसे. होणार कसं? चोरलेली विद्या फळत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मग वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. रविवारी बाहेर शिकवणं सुरू झालं की आत खलबत्त्यात लसूण-मिरची अशी काही कुटली जाई की मिसिरजी ओसरीवरून म्हणत, "अमीनसाहेब, घरात लोहार ठेवलाय का?" मिसिरजी म्हणजे संस्कृतचे निवृत्त मास्तर. ओसरीवरच्या माणसांत सगळ्यांत जुने आणि ते सगळ्यांना ऐकवणारे.

नवऱ्याजवळ तिनं एकदाच विषय काढला होता. अवधकिशोर सिमेंटच्या कारखान्यात टंकलेखक होता. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्यानं टाईप करायला दिलेलंच त्याला वाचता येई.

"मलाही शिकायचंय, बाबूजींकडून."

"काय शिकायचंय?"

"तेच. ध्यान."

त्याला हसू आवरेना. "बाबूजींच्या पुढ्यात उघड्या तोंडानं बसणार तू? अम्मा जिवंत गाडेल. आणि तुला कशाला पाहिजे? तू तर घरातलीच आहेस."

या वाक्यावर किती बायांचे जन्म गेले असतील, देव जाणे. पुढे सासूबाई वारल्या. पण घुंगट तेवढा राहिला, आणि राहिला तो का, हे कुणी विचारलं नाही. तारकेश्वरीनंही नाही. सवय झाली की माणूस स्वतःच्या तोंडावरचं कापडही चेहऱ्याचाच भाग समजतो.

माघात पीयूषचं, तिच्या मुलाचं लग्न झालं. सून अलाहाबादची, एम.ए. झालेली, नाव गरिमा. चौथ्या दिवशी रविवार होता. माहेरच्या टोपलीतला एक पेरू उचलून ती सरळ ओसरीवर गेली. डोईवर पदर होता, तोंड उघडं. तारकेश्वरी आतून बघत होती. हातातली लाटी हातातच राहिली.

"बाबा, मला शिकवाल?" गरिमा आपल्या आजेसासऱ्यांना म्हणाली.

अमीनसाहेबांनी मान वर केली. ओसरीवरचे पाच-सहा जण वळून बघू लागले.

"बाबा, मला शिकवाल? तीनदा विचारायचं असतं ना? मग हे तिसऱ्यांदा. शिकवाल?"

एका दमात! मिसिरजींनी कपाळाला हात लावला, छेदी खो-खो हसला, आणि अमीनसाहेबही हसले. सरकून त्यांनी चटईवर शेजारी जागा केली.

एकतीस वर्षं जे शब्द तारकेश्वरीच्या घशात अडकले होते ते या कालच्या पोरीनं कोंबड्यांपुढे दाणे फेकावेत तसे फेकले. पेरू आत आला. तारकेश्वरीनं तो विळीवर धरला आणि कापता कापता बोट कापून घेतलं.

"अम्मा, द्या, मी कापते," गरिमा आत येत म्हणाली. तिचा चेहरा बघवत नव्हता, इतका निवांत होता.

"नको बाई. तू आता साध्वी. साध्वीच्या हातून कामं करून घेतली तर पाप लागायचं आम्हाला."

तिथून पुढचे पाच महिने त्या घरात लेकी बोले सुने लागे असा कारभार चालला. भांडी घासायला येणारी फुलमती बिचारी हकनाक मध्ये सापडे. "फुलमती, तूही बस गं डोळे मिटून. भांड्यांचं काय, ती आपोआप घासली जातात!" "फुलमती, आवाज करू नकोस, वर समाधी लागलीय." भाजीत मीठ जास्त झालं तरी ध्यानामुळे आणि कमी झालं तरी ध्यानामुळे. फुलमती नुसती हो ला हो करी आणि गरिमाकडे बघून डोळे मिचकावी.

गरिमा काही गाय नव्हती. एकदा तीही फणकारली. "अम्मा, रोज मला बोलता, त्यापेक्षा तुम्हीच का नाही बसत?"

"मला कुणी बोलावलंय?"

"बाबा कुणालाच बोलावत नाहीत. मला तरी कुठे बोलावलं होतं?"

हे खरं होतं. म्हणूनच तारकेश्वरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस ती जेवली नाही आणि कुणी विचारलं की पित्त झालंय म्हणाली.

त्यात भर अशी, की ओसरीवर आता बायका येऊ लागल्या. बांगडीवाली आली, शाळेतली शिपाईण आली, छेदीची थोरली लेक आली. अमीनसाहेबांची ऐंशी उलटून गेली होती, आवाज बसत चालला होता. बायकांच्या शेजारी ते गरिमाला बसवत आणि आपण खांबाला टेकून ऐकत. फळांवर फळं आत येत. जे शब्द तारकेश्वरीनं एकतीस वर्षं भिंतीआडून वेचले, तेच आता तिच्या सुनेच्या तोंडून, त्याच जाळीतून, तिलाच ऐकावे लागत. आणि पोर सांगे तरी काय सुंदर! एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. तारकेश्वरी कान देऊन चूक शोधी, सापडत नसे, आणि त्यानं तर ती अजूनच पेटे.

आषाढात तिनं नवऱ्याला गाठलं.

"बाबूजींना सांगा. परक्या पुरुषांत बसते, वाट्टेल त्या बायका घरात आणते. ती या घराची सून आहे की मठातली बाई, ते एकदा ठरवा म्हणावं. त्यांच्यामागे उद्या हे सगळं मला निस्तरायचंय. मी खपवून घेणार नाही, असंही सांगा."

अवधकिशोरनं निरोप जसाच्या तसा पोचवला. टंकलेखकच तो. अमीनसाहेबांनी ऐकून नुसतं "हूं" केलं. पुढचे चार दिवस त्यांनी गरिमाला ओसरीवर बोलावलं नाही. तारकेश्वरीला इतकं बरं वाटलं की तिनं आमरस आणि डाळ भरलेल्या दलपुऱ्या केल्या, सुनेला आग्रह करून वाढल्या. खोटं कशाला बोला, तेवढे चार दिवस तिचे फार छान गेले.

पाचव्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या. अमीनसाहेबांनी काठीवर जोर देऊन उभं राहून आतल्या बाजूला तोंड केलं आणि गरिमाला हाक मारली. ती येताच तिचा दंड धरून तिला आपल्या चटईवर बसवलं.

"आजपासून ही देईल," ते लोकांना म्हणाले. "मी दिलं तसंच. फुकट, आणि मागितल्यावर. एका घरात दोन आसनं नसतात, मला देणाऱ्यानं असंच सांगितलं होतं. माझं आजपासून मिटलं. मला वाटलं होतं, अजून दोन-चार वर्षं बसावं. पण माझ्यामागे हिला कुणी इथे बसू देईल असं दिसत नाही. मग मी जिवंत असतानाच बसवलेली बरी. आता हिला उठवायचं असेल तर आधी मला उठवावं लागेल."

मिसिरजी ताडकन उठले. "चोवीस वर्षांची पोर! आम्ही तीस-तीस वर्षं इथे गुडघे झिजवले ते काय हिच्यासाठी?" चपला शोधताना त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात घातल्या आणि तशाच घेऊन गेले. त्यांच्यामागे आणखी आठ-दहा जण गेले.

जाळीआड तारकेश्वरी मटकन खाली बसली. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. तिनं तो निरोप पाठवला नसता तर म्हातारा अजून त्या चटईवर असता आणि चटईच्या शेजारची जागा मोकळी असती. मोकळी जागा आपल्याला मिळणार नव्हती हे तिला ठाऊक होतं, पण ती आहे या आधारावर ती एकतीस वर्षं जळत आली होती. आता जळायलाही काही उरलं नाही असं तिला वाटलं, आणि ती घाबरली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला अवधकिशोर कारखान्यात होता, पीयूष मिर्झापूरला बँकेत, गरिमा धुण्याला गेली होती. अमीनसाहेब ओसरीवर एकटेच खुर्चीत बसले होते. तारकेश्वरीनं टोपलीतला लंगडा जातीचा एक आंबा घेतला. दाराची कडी वाजवली नाही. सरळ जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तोंडावरचं कापड मागे टाकलं.

"बाबूजी."

म्हाताऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. हा आवाज कुणाचा, हेच त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांची काठी हातातून घसरली.

"बाबूजी, मला शिकवाल?" तिनं आंबा त्यांच्या पायांशी ठेवला. "मला शिकवाल? बाबूजी, मला शिकवाल?"

अमीनसाहेब सवयीनं खाकरले. "दुलहिन," ते म्हणाले. तिला उद्देशून उच्चारलेला त्यांचा हा पहिला शब्द. "दुलहिन, परवा का नाही मागितलंस?"

"परवा?"

"परवा मी देऊ शकत होतो. काल मी उठलो. आता माझ्याकडे द्यायला काही नाही."

"मी कुठे नवीन काही मागतेय?" ती घाईनं म्हणाली. "मला सगळं पाठ आहे. मी चोरून ऐकत होते. एकतीस वर्षं. चोरीचं म्हणून ते लागत नाही. तुम्ही फक्त दिलं म्हणा."

"चोरी कसली," म्हातारा म्हणाला. "वर गच्चीवर वारा असतो, शांत असतं. सगळे मला सांगून थकले, अमीनसाहेब, वर बसू या. मी का नाही गेलो? जाळीच्या आत कुणी ऐकतंय हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. ऐकू जावं म्हणून इथे बसलो. म्हणून इतक्या मोठ्यानं बोललो की घसा गेला. तू कधीतरी मागशील, याची वाट बघत होतो."

तारकेश्वरीला आधी रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"वाट बघत होता? आणि मी मागणार होते कुठल्या तोंडानं? हे तोंड तुमच्याच घरानं झाकलं ना? तुम्ही एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, दुलहिन, ते कापड काढ. बाकीचं मी मागून घेतलं असतं. सगळ्या तहसिलीची जमीन मोजलीत बाबूजी, आणि या भिंतीचं वीतभर अंतर तुम्हाला मोजता नाही आलं?"

"नाही आलं," ते म्हणाले. "मी नियम राखला. तुला नाही राखलं. चूक माझी आहे."

"मग सुधारा ती. द्या."

"आता ते माझ्या हातात नाही. तिच्याकडे माग."

"त्या पोरीकडे? माझ्या सुनेपुढे हात पसरू?"

अमीनसाहेबांनी वाकून काठी उचलली. तारकेश्वरीनं पुढे केलेला आंबा तसाच उचलला आणि परत आत नेला. त्या रागातही तिला ते सुचलं. पण घुंगट मात्र तिनं पुन्हा ओढला नाही, आणि घरात कुणाचीच त्याबद्दल काही बोलायची छाती झाली नाही.

आठवडाभर ती धुमसत होती. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. सासऱ्याकडे मागता येईना कारण तो वर होता, आणि सुनेकडे मागवेना कारण ती खाली होती. बाईच्या जातीला शेजारी असं कुणी मिळतच नाही की काय? गरिमाला काहीच माहीत नव्हतं. ती आपली खालच्या मानेनं कामं करत होती आणि बोटांवर दिवस मोजत होती. रविवार जवळ येत होता.

रविवारी सकाळी गरिमा ओसरीवर चटई घालून बसली. अमीनसाहेब मुद्दामच आत खाटेवर पडून राहिले. सात वाजले. साडेसात झाले. कुणी आलं नाही. बांगडीवाली नाही, शिपाईण नाही. छेदी समोर आपल्या पानाच्या ठेल्यावर उगाचच काताचं भांडं पुसत उभा होता आणि त्याच्याशेजारी बाकड्यावर मिसिरजी पाय हलवत बसले होते. आपण नाही जायचं, पण कोण जातं ते बघायचं, असा त्यांचा बेत. बायकांना त्यांच्या घरच्यांनी अडवलं होतं.

तारकेश्वरी जाळीतून बघत होती. तिला उकळ्या फुटत होत्या. बस आता! आली मोठी गादीवर बसणारी! शिकव त्या खांबाला! तिनं फुलमतीला ढोसून दाखवलंसुद्धा. फुलमती मात्र हसली नाही. "रडतेय ती, मालकीणबाई," एवढंच म्हणाली आणि राखेचा हात धुवायला गेली.

तारकेश्वरीनं नीट पाहिलं. पोर ताठ बसली होती, हात मांडीवर, रस्त्याकडे तोंड, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसत नव्हती, कारण पुसलं असतं तर समोरच्यांना कळलं असतं. द्यायला घेऊन बसली होती आणि घ्यायला कुणी नव्हतं. तारकेश्वरीनं आयुष्यभर उलटं पाहिलं होतं. आपल्याखेरीज आणखी कुणाला अशी वाट बघावी लागते, हेच तिला कधी सुचलं नव्हतं. तिचा आनंद कुठल्या कुठे गेला. हेवा मात्र गेला नाही. निदान या पोरीला सगळ्यांसमोर बसून वाट बघता येते, असं तेवढ्यातही तिच्या मनात येऊन गेलंच.

हात पदराला पुसत ती बाहेर आली. दिवसाढवळ्या, उघड्या तोंडानं, समोर परके पुरुष बघत असताना. छेदीच्या हातातलं फडकं थांबलं.

"ऊठ, डोळे पूस," ती गरिमाला म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतर उठू नकोस. बस. आणि मला शिकव."

गरिमानं सासूकडे पाहिलं. ती घाबरली होती, पण तिनं मान हलवली. "अम्मा, असं नाही."

"असं नाही म्हणजे?"

"हा हुकूम झाला. हुकूम दिलात तर मी पाणी आणीन, चहा आणीन. हे नाही आणता येत."

तारकेश्वरीचा चेहरा लाल झाला. तिकडे मिसिरजी बाकड्यावरून अर्धवट उठले होते. ती वळली. आत जायला दोन पावलं टाकली. दारात थांबली. चौकट धरली.

"मला शिकवशील?" ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

गरिमानं चटईचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

तारकेश्वरी मागे आली आणि चटईपुढे खाली बसली. गुडघे वाजले. "मला शिकवशील?" या वेळी आवाज आतला होता. आणि तिसऱ्यांदा मागताना तिच्या तोंडून जे आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "मी तुझ्यावर जळते, गरिमा. तू पेरू घेऊन बाहेर गेलीस त्या दिवसापासून. तुझी तक्रार मीच केली. आत्तासुद्धा तुझी फजिती बघून मला बरं वाटत होतं. उद्यासुद्धा जळेन, मला माझा भरवसा नाही. तरी शिकवशील?"

गरिमानं आता पदरानं तोंड पुसलं. नाकही पुसलं. मग ती सरकली आणि चटईवर आपल्या शेजारी जागा केली. दोघी रस्त्याकडे तोंड करून बसल्या. "येणाऱ्या श्वासाला ओढू नका," तिनं सुरुवात केली, आणि तारकेश्वरी, जिला हे शब्द स्वतःच्या नावासारखे पाठ होते, ती ते पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकू लागली.

दोन-चार वाक्यं झाली असतील नसतील, तोच पायरी वाजली. छेदी आला होता. त्याच्यामागे, घसा खाकरत, मिसिरजी. अमीनसाहेबांची सून सुनेपुढे बसली म्हटल्यावर त्यांना बाकड्यावर चैन पडेना.

"दुलहिन," मिसिरजी गरिमाला म्हणाले, "मीही म्हणतो, जरा बसावं. माझं आताशा मन फार..."

तारकेश्वरीनं फाडकन डोळे उघडले. एका हातानं तिनं गरिमाचं मनगट धरलं, बाजारात पोर हरवेल म्हणून धरतात तसं घट्ट.

"तिकडे पायरीवर बसा दोघे," ती म्हणाली. "आत्ता ही माझी आहे. मी एकतीस वर्षं थांबले, तुम्हाला घटकाभर थांबता येत नाही?"